वेठीवर चाललेले लसीकरण

१ मार्च २०२१ रोजी करोनाची लस सामान्य नागरिकांसाठी खुली झाली, तेव्हा केंद्र सरकारने मोठ्या समजूतदारपणाचा आव आणला होता. साठ वर्षांवरील वृद्धांच्या बरोबरीने पंचेचाळीस ते एकोणसाठ वयाच्या अशा नागरिकांनाही अग्रक्रम देण्यात आला, की ज्यांना मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा असाच एखादा दीर्घ आजार जडलेला आहे. वीस आजारांची यादी प्रसिद्ध झाली. अट एकच होती. नोंदणीकृत डॉक्टरचे प्रमाणपत्र आणावे आणि लस टोचून घ्यावी.

कागदावर ही योजना निर्दोष दिसते. परंतु असे प्रमाणपत्र कोण आणू शकतो? ज्याच्या आजाराचे निदान झालेले आहे, ज्याचा ठरलेला डॉक्टर आहे, ज्याच्या घरी तपासण्यांची फाइल आहे आणि अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवण्याची ज्याला ऐपत आहे, तो. पाटोद्याहून कोयता घेऊन साखर कारखान्याच्या अड्ड्यावर गेलेला ऊसतोड मजूर, धारावीत भट्टीपुढे उभा राहणारा कामगार, चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणारी पन्नाशीची विधवा, यांच्या रक्तातील साखर बहुधा कोणी तपासलेलीच नव्हती. रोगाचा भार ज्याच्यावर सर्वांत अधिक, त्याच्यापाशी रोगाचा पुरावा सर्वांत कमी, ही या समाजरचनेची रीतच आहे. आणि सरकारने नेमका पुरावाच मागितला.

यातील विपर्यास महाराष्ट्रात विशेष उघडा पडला. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यभर राबवण्यात आली होती. आशा स्वयंसेविका आणि त्यांच्या सोबतचे कर्मचारी घरोघर गेले, माणसांचे तापमान आणि रक्तातील प्राणवायू मोजला, आणि कोणत्या घरी मधुमेही आहे, कोणाला रक्तदाब आहे, कोणाचे हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे आहे याची नोंद केली. म्हणजे लस येण्याच्या चार-पाच महिने आधी ज्यांना ती सर्वप्रथम द्यावयाची त्यांची माहिती दारोदार फिरून गोळा झालेली होती. ती ज्यांनी गोळा केली त्या स्त्रियांच्या शब्दाला मात्र लसीकरण केंद्राच्या दारात किंमत नव्हती. तेथे शिक्का हवा होता. १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली आणि प्रमाणपत्राची अट गळून पडली. पण त्या एका महिन्याने आरोग्यधोरणाची वर्गदृष्टी जितकी स्पष्ट दाखवली, तितकी ती दहा अहवालांनीही दाखवली नसती.

लस फक्त पोरांची?

१९८५ साली देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. ‘सार्वत्रिक’ या शब्दाचा अर्थ त्यात बालके आणि गरोदर माता एवढाच होता. त्या काळी गोवर, घटसर्प, धनुर्वात यांनी मुले पटापट दगावत होती. अग्रक्रम योग्यच होता. परंतु चार दशके लोटल्यावरही चाळिशी-पन्नाशीच्या कष्टकऱ्याला या कार्यक्रमात नेहमीचे स्थान नाही. ‘आशाताई, टोचून घ्यायला मी काय तान्हं पोर आहे?’ असे एखादा वृद्ध विचारतो, तेव्हा तो अडाणीपणा दाखवत नसतो. शासनाने चाळीस वर्षे जे शिकवले तेच तो परत म्हणून दाखवत असतो.

या काळात रोगांचे चित्र पालटले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि जवळजवळ १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेह हा आता मेदवृद्ध शेठजींचा रोग राहिलेला नाही. तो चाळीत आहे, वाडीत आहे, तांड्यावर आहे. आणि मधुमेही माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो. फ्लू किंवा न्यूमोनिया झाला, तर धडधाकट माणूस आठवडाभर अंथरुणात पडतो. मधुमेही, दमेकरी किंवा हृदयरोगी माणसाला तोच आजार रुग्णालयात नेतो. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला कावीळ ‘ब’चे भय असते. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट येथील सिकलसेलग्रस्त आदिवासी तरुणाची प्लीहा निकामी झालेली असते, म्हणून न्यूमोनियाचे जंतू त्याला फार लवकर गाठतात.

या प्रत्येक धोक्यावर काही ना काही लस उपलब्ध आहे. पण कोणासाठी? न्यूमोनियाची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने बालकांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली. प्रौढ रुग्णाला मात्र ती बहुधा खासगी दवाखान्यातच शोधावी लागते आणि तिचा दर हजारांच्या घरात जातो. ज्या घरी इन्सुलिनची बाटली संपली तर पुढच्या मजुरीची वाट पाहिली जाते, त्या घराने ही लस विकत घ्यावी, अशी अपेक्षा करणे ही निव्वळ क्रूर थट्टा आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले होते, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. स्वाइन फ्लूच्या साथीनंतर २०१५ मध्ये राज्य सरकारने गरोदर स्त्रियांबरोबर मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांनाही फ्लूची लस मोफत देण्याचे ठरवले. निर्णय स्तुत्य होता. परंतु बालकांच्या लसीकरणाला जसा ठरलेला वार आहे, याद्या आहेत, दारोदार निरोप आहे, तशी कोणतीही यंत्रणा या निर्णयामागे उभी राहिली नाही. लस शीतपेटीत राहिली आणि रुग्ण आपल्या वस्तीत राहिला. दोहोंच्या मध्ये जे माणूस असावयास हवे होते, त्याचा विचारच झाला नव्हता.

अज्ञानाचा सिद्धान्त

लसीकरण कमी पडले की मध्यमवर्गीय विचारवंत एक सिद्धान्त तत्परतेने मांडतात. लोक अडाणी आहेत, अंधश्रद्ध आहेत, अफवांवर विश्वास ठेवतात. हा सिद्धान्त शासनाला फार सोयीचा आहे. दोष एकदा लोकांच्या डोक्यात आहे असे ठरले, की शासनाच्या हातांकडे कोणी पाहत नाही.

वस्तुस्थिती काय होती? २०२१ च्या मे महिन्यात अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी लस खुली झाली, तेव्हा संगणकीय नोंदणी सक्तीची करण्यात आली. स्मार्टफोन नाही, इंग्रजी नाही, जाळे नाही, अशा गावांतील केंद्रांवर शहरातून मोटारीने आलेले लोक लस घेऊन गेले, आणि त्याच गावातील माणसे कुंपणाबाहेरून पाहत राहिली. त्या वर्षीच्या ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या धोरणावर कठोर प्रश्नचिन्ह लावले आणि ज्यांच्यापाशी साधने नाहीत त्यांचे काय, असे सरकारला विचारले. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘हर घर दस्तक’ ही मोहीम काढून सरकारला दारोदार जावेच लागले. म्हणजे संगणकाला जे जमले नाही ते अखेर पायांनी केले. ते पाय कोणाचे होते?

संशय आणि भीती नव्हतीच, असे नाही. पण त्या भीतीला इतिहास आहे. १८९७ च्या प्लेगात गोरे सोजीर पुण्यातील घराघरांत घुसले, माणसांना ओढून छावण्यांत नेले. आरोग्याच्या नावाखाली सत्तेने केलेली ही जबरदस्ती लोकस्मृतीतून गेलेली नाही. आणीबाणीत नसबंदीच्या उद्दिष्टांपायी खेड्यापाड्यांतील गरिबांवर जो अत्याचार झाला, तो पाहिलेली माणसे अद्याप हयात आहेत. सुई घेऊन येणाऱ्या सरकारी माणसाकडे गरीब संशयाने पाहतो, याचे कारण त्याचा अनुभव आहे. हा संशय भित्तिपत्रकांनी जात नाही आणि दंडाने तर नाहीच. जिला तो ओळखतो अशा माणसानेच तो जातो.

ती बाई त्याच गावची असते. तिच्या सासूलाही साखर असते. कोणाच्या बाळंतपणात ती रात्री दोन वाजता रिक्षा शोधत धावलेली असते, कोणाच्या क्षयाच्या गोळ्या तिने सहा महिने स्वतः नेऊन दिलेल्या असतात. ती लस टोचत नाही. टोचण्याचे काम परिचारिका करते. ती त्याहून अवघड काम करते. गोळ्या चालू असताना लस चालते का, ताप आला तर मजुरी किती दिवस बुडेल, मागच्या खेपेला शेजारचा माणूस लसीनंतर आठ दिवसांनी वारला तो कशाने, या प्रश्नांना ती उंबरठ्यावर बसून उत्तरे देते. उत्तर ठाऊक नसेल तर डॉक्टरांना विचारून दुसऱ्या दिवशी परत येते. या परत येण्यालाच विश्वास म्हणतात. देवीच्या रोगाचे उच्चाटन घरोघर शोध घेऊन झाले, पोलिओचे उच्चाटनही तसेच झाले. प्रौढांच्या लसीकरणाला याहून वेगळा राजमार्ग असेल, असे मानण्याचे काहीही कारण नाही.

१९७७ चा धडा

लोकांमधूनच आरोग्य कार्यकर्ता निवडावा, ही कल्पना २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने शोधून काढलेली नाही. समाजवादी चळवळीला तिचा विसर पडू नये. जनता पक्षाच्या राजवटीत राजनारायण आरोग्यमंत्री असताना २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनआरोग्य कार्यकर्त्यांची योजना सुरू झाली. हजार वस्तीमागे एक कार्यकर्ता, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, औषधांची पेटी आणि दरमहा ५० रुपये मानधन. लोकांचे आरोग्य लोकांच्या हाती देण्याची ती प्रतिज्ञा होती. पुढच्याच वर्षी आल्मा-आटा येथील जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा केला, त्याच्या आत्म्याशी ती सुसंगत होती. डॉक्टरांच्या संघटनांनी या योजनेला भोंदूगिरीचा परवाना म्हणून विरोध केला. त्यात लोकांच्या प्रकृतीची काळजी किती आणि धंद्याची काळजी किती, हे सांगावयास नको.

परंतु या योजनेत एक जन्मजात दोष होता, आणि तो ज्यांनी ती आणली त्यांचाच होता. कार्यकर्त्याला काम दिले, दर्जा दिला नाही. त्याला स्वयंसेवक म्हटले आणि सरकारी उद्दिष्टांना जुंपले. महागाई वाढत गेली, पन्नासाचा आकडा जागीच राहिला. कार्यकर्त्यांनी संघटना बांधल्या, न्यायालयात दाद मागितली, तेव्हा शासनाने मागण्या मान्य करण्याऐवजी योजनेतूनच हळूहळू अंग काढून घेतले. नाव बदलून ती काही काळ रेंगाळली, आणि २००२ मध्ये केंद्राने तिचा आधार काढला. पंचवीस वर्षांचा अनुभव आणि लाखो प्रशिक्षित माणसे वाऱ्यावर गेली. तीन वर्षांनी नवे अभियान आले, नवे नाव आले, या वेळी केवळ स्त्रियांची निवड झाली. आणि तो जुना दोष जसाच्या तसा नव्या कागदावर उतरवण्यात आला.

त्यागाचे तत्त्वज्ञान

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकावयास मिळतो, आणि तो करणारे सगळेच लबाड नसतात. सेवाभाव हा या कामाचा प्राण आहे. पगार सुरू झाला की आशाताईची बाबू होईल, ती लोकांची न राहता खात्याची होईल, असे ते म्हणतात. दाखला म्हणून जामखेडकडे बोट दाखवले जाते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड परिसरात जे काम उभारले, त्याला जगात तोड नाही. वाचता न येणाऱ्या, अनेकदा दलित वस्तीतून आलेल्या स्त्रियांनी तेथे बाळंतपणे केली, मुलांना लसी मिळवून दिल्या, कुष्ठरोग आणि क्षय यांना खेड्यातच गाठले. त्या सरकारी नोकर नव्हत्या, हे खरे आहे.

पण जामखेडचे अर्धेच सत्य सांगून चालणार नाही. तेथे बाईची निवड गावाने केली. तिचे शिक्षण कधी संपले नाही. ती नियमित केंद्रावर येत राहिली आणि डॉक्टर तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलत राहिले. दहा खात्यांच्या नोंदवह्या कोणी तिच्या डोक्यावर ठेवल्या नाहीत. तिच्या स्वतःच्या कमाईसाठी पूरक उद्योगांचा विचार झाला. सरकारने जामखेडमधून काय उचलले? पगार नसणे तेवढे उचलले; निवड, शिक्षण, सन्मान आणि स्वातंत्र्य मात्र जामखेडमध्येच ठेवले. याला अनुकरण म्हणत नाहीत.

शिवाय हा त्याग नेहमी एकाच बाजूने का मागितला जातो? लस बनवणारा कारखानदार नफा सोडत नाही. शीतपेटी पुरवणारा ठेकेदार बिल सोडत नाही. वैद्यकीय अधिकारी, सचिव आणि मंत्री वेतन सोडत नाहीत, आणि त्यांनी सोडावे असे कोणी म्हणतही नाही. त्या साऱ्या साखळीतील सर्वांत शेवटची, सर्वांत गरीब आणि स्त्री असलेली कडी तेवढी सेवाभावाने चमकली पाहिजे! सेवाभावाचे हे तत्त्वज्ञान म्हणजे घरात बाईच्या कष्टाला जो मोबदला मिळत नाही, तोच सरकारी खात्यात कायदेशीर करून घेण्याची युक्ती आहे.

नगावर मोजलेला विश्वास

आशा स्वयंसेविकेला वेतन नाही, मोबदला आहे. आणि तो नगावर आहे. बालकाचे पहिल्या वर्षाचे लसीकरण पूर्ण झाले की १०० रुपये. तिशीपुढील माणसाच्या मधुमेह-रक्तदाबाच्या जोखमीचा अर्ज भरला की १० रुपये. नित्याच्या कामांसाठी केंद्राकडून मिळणारी रक्कम २०१८ मध्ये महिना हजारावरून दोन हजारांवर गेली आणि २०२५ मध्ये साडेतीन हजारांवर नेण्याचे ठरले. राज्याचे मानधन वेगळे. करोनाच्या काळात जीव धोक्यात घालून केलेल्या कामासाठी केंद्राने महिन्याला १००० रुपये दिले. म्हणजे दिवसाला सुमारे तेहतीस रुपये.

नगावर मोजण्याच्या या पद्धतीचा परिणाम केवळ आशाताईच्या चुलीवर होत नाही. तो दीर्घ आजाराच्या रुग्णावरही होतो. ज्या लसी प्रौढांच्या कार्यक्रमात नाहीत, त्यांच्यासाठी फिरण्याचा दर कोठून असणार? दमेकरी वृद्धाचे मन वळवण्यासाठी पाच फेऱ्या झाल्या आणि सहाव्या वेळी तो लस घ्यायला आला, तर त्या पाच फेऱ्यांची नोंद कोणत्या रकान्यात होते? कोठेच नाही. मधुमेहाचा अर्ज भरून घेतला जातो, पण त्याच अर्जाच्या आधारे त्या माणसाला लस देण्याची योजना नाही. २०२४ मध्ये क्षयाच्या प्रतिबंधासाठी प्रौढांना बीसीजी लस देऊन तिचा उपयोग तपासणारा कार्यक्रम अनेक राज्यांत सुरू झाला. त्यात मधुमेही, साठ वर्षांवरील, कृश प्रकृतीचे आणि क्षयरुग्णांच्या घरातले लोक निवडावयाचे होते. मधुमेहासाठी निकष होता तो माणसाने स्वतः सांगण्याचा. येथे प्रमाणपत्राचा हट्ट सुटला, ही सुधारणाच म्हटली पाहिजे. पण ज्याला आपला आजार माहीतच नाही, तो स्वतः सांगणार काय? त्याच्या रक्ताची तपासणी आधी व्हावी लागते, आणि त्यासाठीही कोणीतरी त्याच्या दारी जावे लागते. वाट कोणतीही धरा, ती त्याच उंबरठ्याशी येऊन थांबते.

१९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर काम करून घेणे ही राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध केलेली वेठ आहे. या निर्णयातून सुटण्यासाठी शासनाने सोपा मार्ग शोधला. कामगाराला कामगारच म्हणायचे नाही, स्वयंसेविका म्हणायचे. २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी अशी शिफारस केली. सरकार, मालक आणि कामगार हे तिन्ही पक्ष त्या परिषदेत बसतात. शिफारस अजून शिफारसच आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना उपदानाचा हक्क असल्याचा निर्णय दिला. शब्दांच्या आड लपण्याची ही सोय कायमची नाही, एवढे त्यावरून दिसते. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातील दहा लाख आशांचा गौरव केला. दिल्लीतून अभिनंदनाचे संदेश निघाले. वेतनाचा आदेश निघाला नाही.

महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशांनी हा अपमान मुकाट्याने सोसलेला नाही. जून २०२१ मध्ये, साथ चालू असतानाच, त्यांना संप करावा लागला. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा संप झाला; सात हजारांच्या वाढीचे आश्वासन मिळाले आणि त्या कामावर परतल्या. शासन निर्णय निघेना, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये तिसरा संप. मार्चमध्ये अखेर कागद हाती आला, तेव्हा सातांचे पाच झाले होते. मंत्र्याचा शब्द पाच महिन्यांत दोन हजारांनी झिजतो, हा अनुभव या स्त्रिया विसरणार नाहीत.

आणि केवळ भांडवलदारी पक्षांच्या राजवटीत असे घडते, असेही समजण्याचे कारण नाही. डाव्या आघाडीच्या केरळात १० फेब्रुवारी २०२५ पासून आशांच्या एका संघटनेने तिरुवनंतपुरममध्ये सचिवालयापुढे धरणे धरले. मागणी महिना २१ हजारांची होती. ते धरणे आठ महिन्यांहून अधिक काळ चालले. ज्या राज्याच्या सार्वजनिक आरोग्याचे दाखले जगभर दिले जातात, तेथे ही स्थिती. केंद्राने जबाबदारी झटकली हे खरेच. पण श्रमिकांच्या नावाने सत्तेवर बसलेल्यांनी श्रमिक स्त्रियांना दारात इतके महिने बसवावे, याचे समर्थन कोणत्याही समाजवादी तत्त्वात सापडणार नाही.

पैसा नाही?

शेवटचा युक्तिवाद तिजोरीचा. तोही तपासून पाहावा. एका मधुमेही मजुराला न्यूमोनिया झाला, तर रुग्णालयाचे बिल, बुडालेली मजुरी, सावकाराचे व्याज, शाळा सोडून कामावर गेलेले पोर, हा खर्च कोणीतरी करतोच. फक्त तो अर्थसंकल्पात दिसत नाही. मजुराच्या घरात दिसतो. शासनाची काटकसर ही बहुधा गरिबाच्या खिशातून केलेली उचल असते. विमा योजनांतून खासगी रुग्णालयांना पैसे देण्यास तिजोरी समर्थ आहे, पण तो माणूस रुग्णालयात जाऊच नये म्हणून दारापर्यंत जाणाऱ्या बाईला वेतन देण्यास ती असमर्थ आहे, हे गणित पटणारे नाही.

कायद्याची अडचण आहे, असेही सांगितले जाते. ज्या राज्याने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून निश्चित मालक नसलेल्या हमालालाही मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि आरोग्यसेवा मिळवून दिली, ज्या राज्याने १९७७ मध्ये रोजगाराची हमी कायद्याने दिली, त्या राज्यात कायद्याची वाट सापडत नाही, हे कोणी मान्य करावे? हमालाला निदान मालक शोधावा लागत होता. आशाताईचा मालक मंत्रालयातच बसलेला आहे.

लसींच्या उत्पादनाचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. परळची हाफकिन संस्था ही या महाराष्ट्राची सार्वजनिक मालमत्ता आहे. २००८ मध्ये कसौली, गिंडी आणि कुन्नूर येथील तीन सरकारी लस-कारखान्यांचे उत्पादन केंद्राने थांबवले आणि बालकांच्या लसींसाठीही खासगी कंपन्यांकडे हात पसरावे लागले, तो धडा ताजा आहे. प्रौढांच्या लसी बाजाराच्या दराने विकत घेत बसले, तर कार्यक्रम कधीच सार्वत्रिक होणार नाही. सार्वजनिक कारखाना आणि सार्वजनिक कर्मचारी ही एकाच गाड्याची दोन चाके आहेत.

कार्यकर्त्यांपुढील काम

तेव्हा मागण्या स्पष्ट मांडल्या पाहिजेत. आशा स्वयंसेविका आणि गटप्रवर्तक यांना शासकीय कर्मचाऱ्याचा दर्जा, निदान किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन मिळाले पाहिजे. मधुमेह, दमा, हृदयविकार, सिकलसेल आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्या प्रौढांसाठी आवश्यक त्या लसी मोफत आणि गावातच मिळाल्या पाहिजेत. ज्या आजारांची नोंद आशाताईच्या वहीत आहे, त्यासाठी वेगळे प्रमाणपत्र मागता कामा नये. तिची नोंद हाच पुरावा मानला पाहिजे. ऊसतोड मजूर गाव सोडण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आसपास, त्यांची तपासणी आणि लसीकरण व्हावे, आणि कारखान्याच्या अड्ड्यावर त्यांची नोंद पुढे चालवणारी आशा असावी. नाहीतर सहा महिने ते कोणत्याच यादीत नसतात.

या मागण्या निवेदनांच्या गठ्ठ्यात पडून राहू नयेत. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आतापर्यंत आशांच्या मोर्चांना पाठिंब्याची पत्रके दिली, संपाच्या मंडपात भाषणेही केली. पण संप मिटला की तेही आपापल्या कामाला लागले. यापुढे एवढ्याने भागणार नाही. प्रत्येक ग्रामसभेत प्रौढ रुग्णांच्या लसीकरणाचा ठराव आला पाहिजे. रुग्ण आणि आशा यांची मागणी एका व्यासपीठावरून झाली पाहिजे. कारण ‘संपामुळे रुग्णांचे हाल’ हा मथळा छापून त्या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणे, हे सत्ताधाऱ्यांचे जुने हत्यार आहे. ज्या दमेकऱ्याच्या दारी आशाताई सहा वेळा गेली, तो मोर्चात तिच्या शेजारी चालला, तर ते हत्यार बोथट होईल.

१९७७ च्या योजनेला दर्जा नाकारला गेला, तेव्हा तिच्या कार्यकर्त्यांच्या पाठीशी गाव उभे राहिले नाही, आणि ती योजना कोणी अश्रू ढाळल्याशिवाय विझली. ज्या चळवळीने ती योजना जन्माला घातली, तिच्या वारसांवर ते ऋण आहे. सत्तर हजार स्त्रिया आज वस्तीवस्तीत पायी फिरत आहेत. त्यांना वेतन मिळवून देणे हे ते ऋण फेडण्याचे पहिले पाऊल आहे, आणि ते मंत्र्याच्या पुढच्या आश्वासनाची वाट न पाहता येत्या ग्रामसभेपासूनच टाकले पाहिजे.